भार माजो, आंग तुजें

"सोड गो, सोड. भार माजो, आंग तुजें."

हे वाक्य आमच्या साखळी गावात कितीतरी जणांच्या कमरेने ऐकलं आहे. कानाने नव्हे, कमरेनेच म्हणते मी. कारण हे बोलताना इस्पितळातली ती बाई तुमच्या तोंडाकडे बघतच नसे. खाटेवर उताणं निजवलं, कमरेला जाड पट्टा आवळला, पायथ्याच्या कप्पीवरून दोर सोडून त्याला पिशव्या टांगल्या, की ती आपला उजवा हात, तळवा वर करून, तुमच्या कमरेखाली सरकवायची आणि जनेलातून बाहेर बघत उभी राहायची. जनेल म्हणजे खिडकी. पोर्तुगीज गेले, पण आमच्या भिंतींतलं जनेल काही गेलं नाही. बाहेर बघण्यासारखं तसं काही नव्हतं. एक जांभळीचं झाड आणि इस्पितळाच्या वाळत घातलेल्या चादरी. पण डोळे तिकडे आणि सगळं लक्ष तळहातात. तुम्ही आतल्या आत जरा जरी आवळून धरलंत की तिला कळायचं.

"सोड."

"सोडलंय की हो बाय."

"खंय सोडलां? हें किते मगो?" आणि नेमकं तिथेच बोट टेकवायची, जिथे तुम्ही चोरून धरून ठेवलेलं असायचं.

गोवा नुकताच घटक राज्य झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. इस्पितळ कुठलं ते सांगत नाही आणि बाईचं नावही सांगत नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं तिला मुळीच रुचलं नसतं. मूळची पेडण्याकडची, पार्सेची. आठवडाभर आमच्याच वाड्यावर एका खोलीत भाड्याने राहायची आणि शनिवारी दुपारची बस पकडून घरी जायची. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही, असं थोडंच असणार? आमच्या वाड्यावर? विचारलंच. तर म्हणाली, "दिसभर लोकांक बांदून घालतां, घरांत आनीक एकल्याक खंय बांदूं?"

इस्पितळात तिचं खातं म्हणजे एक लांबट खोली, मधोमध पडदा. पडद्याअलीकडे बायका, पलीकडे पुरुष. खाटा पायथ्याच्या बाजूने चिऱ्यांवर चढवलेल्या, त्यामुळे माणूस निजला की डोकं खाली आणि पाय वर. कमरेचा पट्टा पायाकडे ओढला जायचा, अंग आपल्याच वजनाने डोक्याकडे घसरायचं आणि मधल्या मध्ये मणके जरा सुटे व्हायचे. ताणून धरायचं एवढाच त्यातला मंत्र. टांगायच्या खाकी पिशव्यांत खरं तर वाळू असायला हवी. पण आमचा गाव खाणींचा. तिथल्या एका ट्रकवाल्याने, त्याचीही कंबर तिनेच सरळ केली होती, तिला खनिजाची माती आणून दिली होती. वाळूपेक्षा जड, म्हणून पिशवी लहान. शिवणीतून तांबडी पूड गळायची आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर कुंकू सांडल्यासारखा डाग असायचा. पुसून जायचा नाही.

कागदावर या सगळ्याला ट्रॅक्शन म्हणत. लोकांच्या तोंडात तो शब्द कुठला बसायला! "हांव ट्रॅक्टर घेवंक वतां," असंच सांगून माणसं बाहेर पडायची. आणि बाईला सगळे ओढबाय म्हणायचे. तिच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर. ती 'ओ' द्यायची.

आता मी तिच्या खाटेवर कशी जाऊन पडले ते सांगते, नाहीतर मी दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगत बसेन.

माझी पिठाची गिरण आहे. आहे म्हणजे अजून आहे, आता मुलगी बघते. तेव्हा नवरा जाऊन दोनेक वर्षं झाली होती, मुली शाळेत, आणि गिरणीत मी एकटी. डबे उचल, गोणी सरकव, पीठ चाळ. एक दिवस कमरेत असं काही चमकलं की उभी होते तिथेच भिंतीला धरून राहिले. ते दुखणं मग डाव्या पायातून उतरत अंगठ्यापर्यंत गेलं आणि पुढे पुढे पाय बधिर झाला. किती बधिर सांगू? एकदा बाजारातून येत होते, तर मासळीवाली मागून ओरडतेय, "गो गिरणीकान्नी, तुजी व्हाण रस्त्यार उरली!" बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. केव्हा गळून पडली पत्ता नाही. मासळीवाली हसली, मीही हसले, आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

पणजीच्या मोठ्या डॉक्टरने फोटो काढला. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली आहे, म्हणाला. "आधी ट्रॅक्शन घेऊन बघा. पायात जीव आला तर उत्तम. चवथीच्या सुमाराला परत दाखवा. नाहीच आला तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग पुढे बरेच महिने वजन उचलायचं नाही."

चवथीला! तुम्हाला ठाऊक असेल, गिरणीवाल्याची दिवाळी दिवाळीत नसते, चवथीत असते. मोदकांना पीठ, नेवऱ्यांना पीठ, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली आणि तिच्याखाली घरभर पाव्हणे. त्या दिवसांत ज्याची गिरण बंद, त्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली म्हणजे गेलीच. बाजारात नवी गिरण आली होती, विजेवर गुळगुळीत चालणारी. बरेच महिने वजन उचलायचं नाही म्हणजे माझ्या दाराला कुलूप, आणि दोन मुलींना घेऊन दिराच्या दारात. दीर वाईट नव्हता. पण दिराचं दार ते दिराचं दार.

तर अशी मी, एक पाय ओढत ओढबायकडे गेले.

पहिल्याच दिवशी एक मजा झाली. कारापूरची एक म्हातारी आली होती, डोक्यावर पदर, हातात सोललेला नारळ, वर फूल आणि पदरात बांधलेले तांदूळ. तिला डॉक्टरनेच कमरेसाठी पाठवलं होतं. पण वाटेत कोणीतरी सांगितलं, त्या खोलीत भार घालतात. आता आमच्याकडे भार म्हणजे नुसतं वजन नव्हे. देवळात एखाद्या माणसाच्या अंगात दैवत येतं, तो घुमायला लागतो, त्याला आम्ही भार येणं म्हणतो. मग लोक पुढे नारळ ठेवून हरवलेलं, दुखणारं, सगळं विचारून घेतात. म्हातारीला वाटलं, सरकारने इस्पितळात पण सोय केली!

"बाये, भार केन्ना येता?" तिने हळूच विचारलं.

ओढबाय खाली वाकून माझा दोर नीट करत होती. "धा वाजतकूच."

"आनी कोणाचेर येता?"

"तुजेरच. चड त्या खाटीर."

म्हातारी मागे सरली ती भिंतीलाच टेकली. "माजेर? माजेर कित्याक? आमच्या घराण्यांत केन्ना कोणाचेर येवंक ना! हांव फकत विचारूंक आयलां. कंबरेचेंय विचारतां, आनी म्हस दूद दिना तेंय विचारतां."

आम्ही दोघीतिघी होतो त्या पट्ट्यासकट हलायला लागलो. ओढबाय मात्र हसली नाही. तिने आधी म्हातारीच्या हातातला नारळ घेतला, जनेलात नीट ठेवला, फूल पडलं ते वर ठेवलं. मग तिचा हात धरून म्हणाली, "आजये, हांगा देव येना. हांगा हांव येतां. पार्सेच्यान, बशीन."

"मागीर भार?"

"ही पोती पळय. हो भार. कंबर ओडूंक."

म्हातारीने पिशवी हातात घेऊन वर-खाली करून बघितली. पटलं असावं. निमूट खाटेवर चढली. पडल्यावर तोंड वळवून म्हणाली, "आनी म्हशीचें?"

"म्हशीक पट्टो पावना गे."

पट्टा ओढला गेला तशी म्हातारी भीतीने थरथरायला लागली. तर शेजारच्या खाटेवरच्या बाईने, भारच आला समजून, चक्क हात जोडले. ओढबायने दोन पिशव्या काढल्या, तळवा कमरेखाली घातला आणि तेच आपलं, "सोड आजये. भार माजो, आंग तुजें." तासाभराने म्हातारी उतरली, दोन पावलं चालली, कमरेवर हात फिरवला. बरं वाटत होतं तिला. जाताना माझ्या कानात म्हणाली, "ती किते-य सांगू. कोण तरी माजेर आयिल्लें मात."

तुम्हाला वाटेल, अशा म्हातारीला ओढबायने 'हो बाई, देवानेच सांगितलंय, उकिडवं बसू नकोस' असं सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं. मीही तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आनी बरें जालें ना जाल्यार? देवाक गाळी घालतलीं. माका घातल्यो तर चलतात."

पडद्यापलीकडे पुरुषांच्या बाजूला दोन मास्तर यायचे, दोघेही निवृत्त, दोघांची कंबर गेलेली आणि दोघांची वेळ एकच. एक मराठीवाला, एक कोकणीवाला. ते दिवस कसे होते, ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. राजभाषेवरून घराघरांत भांडणं, लग्नाच्या पंगतीत भांडणं. हे दोघे तर शेजारशेजारच्या खाटांवर पट्ट्याने जखडलेले. उठून जाता येत नाही, एकमेकांकडे बघताही येत नाही. दोघे आढ्याकडे बघून भांडायचे.

"मराठी आमची मातृभास! देवाफुडें हात जोडून तूं खंयचे भाशेंत म्हणटा रे?"

"आनी पट्टो आवळ्ळो मगीर तूं खंयचे भाशेंत रडटा? 'आवय गे' म्हणटा! आतांच आयकलां हांवें!"

गंमत अशी, की मराठीवाला मास्तर मराठीची बाजू कोकणीतून मांडायचा, आणि कोकणीवाला त्याला खोटं पाडायला मराठी अभंगांचे दाखले द्यायचा. आम्ही अलीकडे तोंडात पदर कोंबून पडलेल्या. एक दिवस आवाज फारच चढला. कप्पी कुरकुरायला लागली. ओढबाय पडदा सारून पलीकडे गेली.

"दोगांयच्यो पाटी फातर जाल्यात. एके भाशेन समजना, म्हणून दोनूय भाशांनी सांगतां. ओगी रावात! गप्प बसा! माजो भार फुकट वता हांगा."

मग कोकणीवाल्याचा बारीक आवाज, "पयलें कोकणीन सांगलें, आयकलें मगो?"

बाईची नजर इस्पितळाबाहेरही सुटायची नाही. बाजारात ती माणसांचे चेहरे ओळखायची नाही, चाली ओळखायची. "तो पळय, उजवे वटेन कलता, पावसांत येतलो माजेकडे." पाव विकणाऱ्या पोदेराला हटकून सायकलची पाटी मधोमध बांधायला लावली. एकदा तर वाड्यावर पालखी आली, आम्ही सगळ्या हात जोडून उभ्या, डोळे मिटलेले, आणि ही माझ्या कानाशी, "फाटल्या उजव्याक सांग खांदो बदल म्हूण. ना जाल्यार सोमारा पट्टो." मी म्हटलं, "बाय, देवाकडे बघ की जरा!" म्हणाली, "देव बरो बसला. तेची पाट बरी आसा."

आणि सोमवारी तो पालखीचा मागचा उजवा खरंच आला.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तेव्हा माझं हसू वरवरचं होतं. दिवस जात होते आणि माझा पाय होता तसाच. माझ्याबरोबर आलेल्या बायका बऱ्या होऊन गेल्या. ती म्हातारी चालती झाली. मी रोज जाते, पट्टा बांधून घेते, डोकं खाली करून पडते, आणि रोज उतरताना बघते तर अंगठा नाहीच. म्हणजे आहे, पण दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. श्रावण लागला. लोक दळण टाकताना विचारायला लागले, "चवथीक उगडी आसतली मगो गिरण?" मी म्हणायची, "असणार म्हणजे काय!"

एक दिवस मी धीर करून विचारलंच. "बाय, खरं सांग. माझं होणार आहे की नाही?"

तिने उगाच धीर दिला नाही. "सगळ्यांचें बरें जाता अशें ना, बाये. कांय जाणांक मानवता, कांय जाणांक ना. ना मानवलें जाल्यार हांवच सांगतलें, पणजेक वच म्हूण. लिपोवचें ना." मग थोडं थांबून, "पूण तुका अजून ओडूंकच मेळूंक ना माका."

"म्हणजे? रोज तर ओढतेस!"

"पट्टो ओडटां. तूं खंय सोडटा? तूं हांगा पडून गिरण चलयता."

मला राग आला. मी तर डोळे मिटून, दातावर दात धरून, हूं का चूं न करता पडायची. शहाण्या मुलीसारखी. आणि तिने तेच पकडलं. तळवा कमरेखाली, नजर जनेलाबाहेर. म्हणाली, "तूं ओगी रावली की आवळता. मघाशीं म्हातारेची गजाल सांगताना सैल आसली. तूं उलय."

"काय बोलू?"

"किते-य. हेरांक हांव ओगी रावयतां, तुका उलोवंक सांगतां. दरेकाक वखद वेगळें."

आणि मला बोलायचं औषध मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला 'जरा गप्प बस' असं न म्हणता 'बोल' म्हणून सांगितलं होतं, तेही इस्पितळातून! मग काय विचारता. मी आढ्याकडे बघत सुटले. तांदूळ दळताना किती ओला असावा, उकड्या तांदळाला दगड कसा जवळ घ्यावा, मिरची दळल्यावर आधी काय दळून गिरण धुवून काढायची, कुठलं गिऱ्हाईक पीठ नेताना डबा ठोकून ठोकून घेतं. पलीकडचे मास्तर भांडायचं विसरून ऐकायचे. मधूनच पडद्यामागून प्रश्न, "आनी नाचणो?" मी नाचणीवर जायची. ओढबाय मध्येच येऊन तळवा घालून बघायची, एक पिशवी वाढवायची, जायची.

असंच बोलता बोलता एक दिवस टाकीवर आले. गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत होतो, तेव्हा वरचा दगड काढून उलटा करून छिन्नीने त्याला खाचा पाडायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. ते माझ्या नवऱ्याचं काम. तो टाकी लावताना कोणाशी बोलायचा नाही. एक घाव घालायचा, मान तिरकी करून ऐकायचा, मग दुसरा. मी म्हणायची, दगडाशी बोलतोस, माझ्याशी बोलायला होत नाही. तो हसायचा. तो गेल्यावर दगड गुळगुळीत झाला, पीठ रवाळ पडायला लागलं, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. टाकीवाला सावंतवाडीकडून यायचा, तो काही येईना. एका दुपारी मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर इतक्यांदा केलंय त्याने, मी करेन. पहार लावून वरचा दगड सैल केला. कोणाला हाक मारावी असं मनात आलं. पण हाक मारली असती तर वाड्यावर झालं असतं, हिला जमत नाही, दिराला सांगा. म्हणून एकटीने मिठी मारून उचलला. उचलला तो उचलला, पण मग ठेवायचा कुठे ते कळेना. हातांत दगड आणि मी तशीच उभी. खाली टाकला तर फुटेल, नवा आणायचा कुठून? आणि पायावर पडला तर पाय जाईल. कमरेत चमकलं ते त्या दगडापायी.

हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना म्हणायची, वाकताना लचकली. आता सांगताना माझा आवाज कधी फुटला मला कळलं नाही. डोकं खाली असलं की पाणी डोळ्यांतून गालावर येत नाही हो, कपाळावरून सरळ केसांत जातं.

ओढबाय कुठल्याशा वेळी येऊन उभी राहिली होती. तळवा माझ्या कमरेखाली होता. ती जनेलाबाहेर बघत होती. मी गप्प झाले तसं तिने विचारलं, अगदी दळणाचं विचारावं तसं.

"आनी मागीर? फातर सकयल दवरलो मगो?"

"अं?"

"दगड. खाली ठेवलास मगो?"

"ठेवला. गोणीवर."

"फुटलो?"

"नाही."

"मग जालें," ती म्हणाली. आणि आणखी एक पिशवी लावली.

त्या दिवशी पहिल्यांदा मला कमरेत काहीतरी लांब होताना जाणवलं. दुखलं नाही. ओलं कापड पिळून झाल्यावर झटकतात ना, तसं काहीसं. नंतर खाटेवर तशीच पडून राहिले, ती उठ म्हणेपर्यंत.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. ती असती तर तिनेच टोकलं असतं. त्यानंतरही जात राहिले, बोलत राहिले, कधी एक पाऊल पुढे, कधी मागे. मग एका सकाळी इस्पितळातून घरी येत होते. उतारावर डाव्या पायाला काहीतरी टोचलं. मी दोन पावलं तशीच पुढे गेले आणि थबकले. टोचलं? डाव्या पायाला? चप्पल काढून झटकली तर खडा. एवढासा, तांबडा, खाणीच्या वाटेवरचा. मी तो परत चपलेत घातला आणि पाय दाबून बघितला. टोचला! पुन्हा दाबला. पुन्हा टोचला! रस्त्यात उभी राहून मी त्या खड्यावर नाचले म्हणा ना. मासळीवाली समोरून येत होती. "किते गो जालें?" मी म्हटलं, "टोचतंय गो, टोचतंय!" तिला वाटलं, हिची कंबर सुटली आणि डोकं आवळलं.

उलट पावली इस्पितळात गेले. ओढबायने पायाच्या तळव्यावर बोट ओढलं, अंगठा वाकवायला लावला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. तोंडावर काही नाही. मग म्हणाली, "पणजेच्या दोतोराक दाखय. आनी सांग तेका, कातर धुवून दवर, हांगा नाका." डॉक्टरनेही बघून मान हलवली, ऑपरेशन नको म्हणाला. वजन मात्र जपून. गोण्या उचलायला मी एक गडी ठेवला आणि दगडाला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली.

कोकणीवाल्या मास्तरांना मात्र ते ओढणं मानवलं नाही. ओढबायने त्यांना स्वतःच सांगितलं, "मास्तर, हांगा वेळ घालवूं नाकात, पणजेक वचात." त्यांचं ऑपरेशन झालं, तेही बरे झाले. आणि तिथे रोज बसने डबा घेऊन कोण जायचं माहीत आहे? मराठीवाले मास्तर. भांडायला दुसरं कोण होतं हो त्यांना!

चवथ झाल्यावर ओढबायची बदली झाली, दूर काणकोणला. ती शांतपणे खोली रिकामी करून गेली, निरोप-बिरोप काही नाही. आमच्या इस्पितळात पुढे विजेचं यंत्र आलं, आपोआप ओढतं, आपोआप सोडतं. चांगलं आहे म्हणतात. मी त्यावर कधी पडले नाही, गरजच पडली नाही, देवाची कृपा. बाई निवृत्त होऊन पार्सेला राहिली, काजूचं बघायची, असं कानावर यायचं. जाईन जाईन म्हणत राहिले. मागल्या वर्षी तिकडची एक पाव्हणी आमच्याकडे आली होती, ती बोलता बोलता म्हणाली, ती बाय गेली, निजेतच. मी पिठाचा हात तसाच घेऊन थोडा वेळ बसले.

पण मला ती आठवते ती त्या चवथीतली. सणाला दोन दिवस राहिले होते. माझी गिरण सकाळपासून थांबली नव्हती. दारात रांग, डब्यांना डबे लागलेले, पोरंटोरं पिठाने पांढरी, आणि मी चाळणीशी उभी, दोन्ही पायांवर. दुपारनंतर बघते तर रांगेत ओढबाय. हातात तांदळाचा डबा, बाहेर जायच्या साडीत. पार्सेला जायच्या आधी दळून न्यायचं होतं. मी म्हटलं, "बाय, पुढे ये, तुला कसली रांग?" तर म्हणाली, "लोकांक लायनींत रावयतां, हांव रावची न्हय?" आणि डबा ठेवून मागे भिंतीशी तांदळाच्या गोण्यांची थप्पी होती, त्यावर टेकली.

भिंत गिरणीने गरम झालेली असते. पट्ट्याची धडधड, पिठाचा वास. माझी दोन दळणं झाली आणि तिला हाक मारायला वळले, तर ती झोपलेली. मान एका खांद्यावर पडलेली, हात मांडीवर उघडे, तोंड किंचित उघडं. चष्मा नाकावर घसरलेला. बायका बोलायच्या थांबल्या. कोणीतरी खूण केली, उठवू का? मी नको म्हटलं.

तिचा तांदूळ मी दळला. बारीक, मोदकाच्या उकडीला लागतो तसा, हाताने चाळून. डबा बंद करून तिच्या पायाशी ठेवला आणि पुढचं दळण घेतलं. रांग सरकत राहिली. जाणारी प्रत्येक बाई तिच्यापाशी आली की आपला डबा जरा उचलून धरायची, लागू नये म्हणून. तिची पाचची बस गेली, सातची होती अजून. तिच्या काळ्या केसांवर हळूहळू पीठ बसत होतं.